मोटारीचा पंखा फिरेनासा होतो तेव्हा

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा हा मोटारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग. पेट्रोलच्या काट्याकडे चालकाची नजर दिवसातून दहा वेळा जाते. तापमानाच्या काट्याकडे मात्र बॉनेटखालून वाफ येऊ लागल्यावरच तिचे लक्ष वळते. अनेक नव्या छोट्या गाड्यांत तर हा काटाही राहिलेला नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि अती तापल्यावर लाल दिवा, एवढीच सूचना तिथे मिळते. मधल्या टप्प्यात काय घडते आहे, हे चालकाला कळण्याची सोय नाही.

इंजिन तापण्याची कारणे अनेक असली, तरी शहरी वाहतुकीत एक लक्षण फार बोलके असते. गाडी धावत असताना काटा जागेवर राहतो, सिग्नलला किंवा कोंडीत उभी राहिली की वर चढतो आणि पुन्हा वेग घेतला की खाली येतो. असे घडत असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटरमागचा विजेवर चालणारा पंखा सुरू होत नाही, असे समजावे. याच लक्षणाची एक जोडबहीण आहे. उभ्या गाडीत एसीची हवा कोमट लागते आणि गाडी धावू लागली की पुन्हा गार होते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असल्याने पंखा बंद पडल्याचा फटका त्यालाही बसतो. पुष्कळ लोक अशा वेळी एसीचा गॅस भरून घेतात. त्यात पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

विजेचा पंखा आला कसा

अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन सुरू म्हणजे पंखा सुरू, असा सरळ हिशेब होता. पट्टा तुटला किंवा सैल झाला तरच तो थांबे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर आडवे बसवलेले इंजिन घरोघरी पोहोचले. अशा रचनेत इंजिनाची पुली गाडीच्या बाजूकडे, चाकाच्या दिशेने असते. रेडिएटर मात्र समोर असतो. तिथपर्यंत पट्टा नेणे सोयीचे नसल्याने पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर द्यावी लागली. आज रस्त्यावरील बहुतांश प्रवासी मोटारींत हीच व्यवस्था आहे.

तिचा फायदा मोठा आहे. गरज असेल तेव्हाच पंखा फिरतो, त्यामुळे इंधन वाचते आणि इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटरला बहुधा पुरतो. पंख्याची खरी गरज भासते ती गाडी उभी असताना, रांगत असताना किंवा बोरघाटात अवजड ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना. म्हणजे इंजिनावर ताण भरपूर आणि वारा नाही, अशा वेळी. तोटा एवढाच, की पूर्वी एका पट्ट्यावर अवलंबून असलेले काम आता फ्यूज, रिले, सेन्सर, वायरिंग, मोटर आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाचा संगणक, अशा सहा जणांच्या हाती गेले आहे. यांतील एकानेही दगा दिला, तरी पंखा थांबतो.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेला वाटा इंजिनाला झटकून टाकावा लागतो. हे काम कूलंट करते. वॉटर पंप त्याला इंजिनातून फिरवतो. इंजिन थंड असते तोवर थर्मोस्टॅट वॉल्व्ह रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो आणि साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो उघडू लागतो. त्यानंतरही तापमान चढतच राहिले, तर ९५ ते १०५ अंशांच्या आसपास पंख्याला सुरू होण्याचा हुकूम मिळतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. तापमान काही अंशांनी उतरले की पंखा थांबतो. पाणी १०० अंशांना उकळते, मग १०५ अंशांना गाडी कशी चालते, असा प्रश्न कोणालाही पडेल. रेडिएटरची कॅप आत दाब धरून ठेवते. हा दाब हवेच्या दाबाहून सुमारे एक बार अधिक असला, की साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ग्लायकॉल मिसळलेले असले, तर आणखी थोडा वाव मिळतो. म्हणूनच झिजलेल्या रबराची कॅप ही क्षुल्लक बाब नव्हे.

दोष आहे का, हे आधी पाहावे

पहाटे गाडी सुरू करून पाच मिनिटे उभी ठेवली आणि पंखा फिरला नाही, म्हणून गॅरेज गाठणारे वाहनधारक कमी नाहीत. ती निकोप गाडीची खूण आहे. इंजिन पुरते तापल्याखेरीज पंखा सुरू होऊच नये. काटा मध्यावर येऊन स्थिरावला असेल आणि त्याच्या वर जात नसेल, तर हिवाळ्यातील सकाळी पंखा बराच वेळ न फिरणेही स्वाभाविक आहे.

खरी तपासणी सुरू होते ती कूलंटच्या पातळीपासून. इंजिन पूर्ण थंड असताना प्लॅस्टिकच्या राखीव टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे पाहावे. रेडिएटरला स्वतंत्र कॅप असेल, तर तीही उघडून आत काठोकाठ भरलेले आहे याची खात्री करून घ्यावी. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा प्रकार गळक्या कॅपमुळे सर्रास आढळतो. कूलंट कमी असणे आणि पंखा न फिरणे यांचा संबंध बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल, तरच त्याला खरी उष्णता कळते. पातळी घसरली आणि सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला, की इंजिन होरपळत असतानाही सेन्सर ‘सारे काही ठीक’ असाच निरोप पाठवतो. पंखा फिरत नाही, काटाही फारसा चढत नाही आणि चालक गाफील राहतो. कूलंट बदलल्यावर आतली हवा नीट काढली गेली नसेल, तरी हेच घडते. सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत ही शक्यता विशेष ध्यानात ठेवावी. किटच्या रेग्युलेटरला ऊब देण्यासाठी कूलंटच्या नळीला जोड दिलेला असतो. त्या जोडातून गळती होते किंवा बसवण्याच्या वेळीच हवा अडकून राहते.

दुसरी अशीच फसगत थर्मोस्टॅट करतो. तो बंद अवस्थेत अडकला, तर गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या गाड्यांत पंख्याचा स्विच रेडिएटरवरच बसवलेला असे. रेडिएटर गार, म्हणून स्विच गप्प, म्हणून पंखा बंद. आणि इकडे इंजिन मात्र लाल रेषेवर. अशा वेळी पंख्याची मोटर बदलून काहीही साधत नाही. इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळ्यांजवळ सावधपणे हात नेऊन पाहिले, तर एक चटका देणारी आणि दुसरी जवळजवळ गार, असे आढळते. हा फरक थर्मोस्टॅटकडे किंवा तुंबलेल्या रेडिएटरकडे बोट दाखवतो.

एसीचे बटण: सर्वांत सोपी चाचणी

कूलंट पुरेसे आहे, थर्मोस्टॅटवर संशय नाही, तरीही पंखा फिरत नसेल, तर कोणतेही अवजार हाती न घेता करता येण्यासारखी एक तपासणी आहे. इंजिन सुरू करून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की काही क्षणांत पंख्यालाही हुकूम मिळतो. इंजिन थंड असले तरी.

एसी लावल्यावर पंखा फिरला, पण इंजिन तापल्यावर आपणहून फिरत नसेल, तर मोटर, तिचा फ्यूज आणि तिचे वायरिंग शाबूत आहे, असा निष्कर्ष निघतो. दोष तापमान ओळखणाऱ्या बाजूला, म्हणजे स्विच किंवा सेन्सरमध्ये शोधावा. एसी लावूनही पंखा ढिम्म राहिला, तर फ्यूज, रिले, मोटर आणि अर्थिंग या क्रमाने पुढे जावे. मात्र ही चाचणी डोळे झाकून करू नये. काही गाड्यांत रेडिएटरचा एक आणि कंडेन्सरचा दुसरा, असे दोन पंखे असतात आणि एसीच्या हुकमावर दुसराच फिरतो. तेव्हा कोणता पंखा फिरला, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. एसीचा गॅस अगदी कमी झाला असेल, तर कॉम्प्रेसरच सुरू होत नाही आणि मग पंखाही नाही. तो निराळा दोष आहे.

बॉनेट उघडून काही करण्यापूर्वी एक धोका सांगितलाच पाहिजे. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढून घेतल्यावरही पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ हात घालायचा असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. ओढणी, सैल बाही, गळ्यातील साखळी यांपैकी काहीही चालू इंजिनाच्या आसपास नसावे.

फ्यूज आणि रिले

पंख्याचा फ्यूज बहुधा बॉनेटखालच्या काळ्या पेटीत असतो. झाकणाच्या आतल्या बाजूस नकाशा छापलेला असतो. मोटर साधारण ८ ते २० अँपिअर वीज घेते, म्हणून फ्यूज २०, ३० वा ४० अँपिअरचा असतो. चपट्या फ्यूजमध्ये २० अँपिअरचा पिवळा आणि ३० अँपिअरचा हिरवा, असा रंगांचा संकेत आहे. वितळलेली तार डोळ्यांना दिसते, पण नुसत्या नजरेवर विसंबू नये. केसाएवढी भेग पडलेला फ्यूज बाहेरून धडधाकट वाटतो.

जळालेला फ्यूज बदलला आणि तो पुन्हा जळाला, तर तिसरा बसवण्याऐवजी कारण शोधावे. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते, किंवा वायरचे आवरण सोलून ती बॉडीला टेकलेली असते. २० अँपिअरच्या जागी ४० अँपिअरचा फ्यूज ठोकून देणारे महाभाग असतात. त्यानंतर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि पेट्रोलच्या नळ्या तिच्यापासून फार दूर नसतात.

रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा चौकोनी स्विच. त्याच्या तळाशी आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही आतल्या वेटोळ्याची टोके, तर ३० आणि ८७ ही पंख्याकडे वीज नेणारी. फ्यूजच्या पेटीत अनेकदा हॉर्नचा किंवा दिव्यांचा रिले नेमका तसाच असतो. दोघांवरचे क्रमांक तंतोतंत जुळत असतील, तर अदलाबदल करून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला, की निदान पक्के. नुसता ‘टक्’ असा आवाज आला, म्हणून रिले चांगला ठरत नाही. आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. आवाज होतो, पण वीज पुढे जात नाही.

मोटर, आणि अर्थिंगचा लपंडाव

मोटर जिवंत आहे का, हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिचा कपलर काढून बॅटरीवरून थेट वीज देणे. त्या वायरमध्येही एक फ्यूज असावा आणि वायर हाताने धरून ठेवण्याऐवजी पक्क्या चिमट्याने जोडावी. पंखा जोमाने फिरला, तर मोटर निर्दोष. कण्हत फिरला, तर बुश किंवा बेअरिंग चिकटलेले. अजिबात न फिरता हलक्या टिचकीसरशी सुरू झाला, तर कार्बन ब्रश संपत आले आहेत. अशी मोटर आज फिरेल आणि उद्या भर कोंडीत थांबेल. शहरांतील जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ब्रश बदलून मिळतात; बुशही झिजले असेल, तर मात्र नवी मोटर घेणेच श्रेयस्कर.

हा प्रयोग जुन्या, दोन तारांच्या साध्या मोटरपुरताच आहे. अलीकडच्या काही गाड्यांत पंख्याच्या मोटरलाच इलेक्ट्रॉनिक नियंत्रक जोडलेला असतो आणि वेग टप्प्याटप्प्याने बदलतो. तीन वा चार तारांचा कपलर दिसला, तर थेट वीज देऊ नये. नियंत्रक जागीच निकामी होण्याची भीती असते. हायब्रिड आणि विद्युत मोटारींतही असे पंखे असतात, पण तिथे नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारा असल्याने घरगुती तपासणीचा मोह टाळावा.

सर्वाधिक वेळ खातो तो अर्थिंगचा दोष. टेस्ट लॅम्प लावला की लख्ख पेटतो, म्हणून वीज येते आहे असे मेकॅनिक सांगतो. तरीही पंखा फिरत नाही. यात चमत्कार काही नाही. टेस्ट लॅम्पला फार थोडी वीज लागते, ती गंजक्या जोडातूनही मिळते. मोटरला बारा अँपिअर हवे असतात. जोडात पाव ओहमचा जरी अडथळा असला, तरी बारा अँपिअरच्या हिशेबाने तीन व्होल्ट तिथेच संपतात आणि मोटरच्या वाट्याला नऊ-दहा व्होल्ट येतात. म्हणून मल्टीमीटरने व्होल्टेज मोजायचे ते कपलर जोडलेला आणि पंख्याला हुकूम दिलेला असताना. मीटरचे एक टोक मोटरच्या काळ्या तारेवर व दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावे. काटेकोर जोडात हा आकडा व्होल्टच्या दोन-तीन दशांशांहून अधिक नसतो. अर्धा किंवा एक व्होल्ट दिसला, तर बॉडीला टेकवलेला अर्थचा बोल्ट शोधून, घासून, पुन्हा घट्ट करावा. शंभरातले किती पंखे एवढ्यानेच फिरू लागतात, याची कोणी मोजदाद ठेवलेली नाही. अनुभवी कारागीर मात्र मोटर बदलण्याआधी हा बोल्ट घासतोच.

कोकण आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हा गंज लवकर धरतो. पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे तर विचारायलाच नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. तशी गाडी धुऊन-पुसून पुन्हा चालू होते, पण कपलरच्या आत शिरलेली ओल पितळी टोकांवर हिरवा थर चढवत राहते आणि पंखा, खिडक्या, दिवे कित्येक महिन्यांनंतर एकेक करून कुरकुरू लागतात. जुनी गाडी घेताना पंख्याचा कपलर उघडून हा हिरवा थर पाहिला, तर विक्रेता न सांगणारी बरीच माहिती मिळते. साचलेल्या पाण्यातून गाडी घालताना फिरता पंखा पाण्यावर आपटून पाती मोडतात वा मोटर जळते, हेही पावसाळ्यातले नेहमीचे दुखणे. शक्य असेल तिथे पाण्यात शिरण्यापूर्वी एसी बंद करावा.

हुकूम देणारा: स्विच की सेन्सर

इथे जुन्या-नव्या गाड्यांतला फरक ओळखणे अगत्याचे आहे. जुन्या पद्धतीत रेडिएटरवर दोन तारांचा साधा थर्मोस्विच असतो. तो ठरावीक तापमानाला दोन तारा जोडतो, एवढेच. त्याचा कपलर काढून, किल्ली चालू ठेवून, दोन्ही टोके वायरच्या तुकड्याने जोडली आणि पंखा फिरला, तर स्विच गेला आहे.

नव्या गाड्यांत तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, माहिती देतो आणि पंखा कधी फिरवायचा हे ईसीयू ठरवतो. हा सेन्सर स्विच नव्हे. तापमान वाढेल तसा त्याचा विद्युत्‌रोध कमी होत जातो आणि त्यावरून ईसीयू अंदाज बांधतो. त्याची टोके जोडून पाहण्याचा खटाटोप इथे करू नये. उलट, त्याचा कपलर नुसता काढला, तर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला धोक्याची शंका येते आणि तो सावधगिरी म्हणून पंखा सुरू करतो. तसे झाले, तर फ्यूजपासून मोटरपर्यंतची सारी साखळी ठीक असून संशय सेन्सरवर राहतो. या प्रयोगात इंजिनाचा पिवळा दिवा पेटेल. कपलर परत बसवल्यावर तो काही काळाने जातो किंवा स्कॅनरने घालवावा लागतो.

स्कॅनर उपलब्ध असेल, तर पुष्कळ चाचपडणे वाचते. पंख्याच्या नियंत्रण-मंडलात दोष असेल, तर ‘पी ०४८०’, तापमानाच्या सेन्सरची तार तुटली असेल तर ‘पी ०११८’, असे संकेत मिळतात. त्याहून मोलाची असते ती प्रत्यक्ष आकडेवारी. कूलंट किती अंशांवर आहे असे ईसीयूला वाटते, आणि तो पंख्याला हुकूम देतो आहे की नाही, या दोन ओळी पडद्यावर दिसल्या, की दोष हुकूम देणाऱ्याकडे आहे की हुकूम पाळणाऱ्याकडे, हे लगेच उलगडते. ईसीयू स्वतः बिघडण्याचे प्रमाण फार थोडे. ‘संगणक बदलावा लागेल’ असे कोणी पहिल्याच भेटीत सांगितले, तर दुसऱ्याचे मत घ्यावे.

दोन वेगांच्या पंख्यात आणखी एक विचित्र लक्षण दिसते. कमी वेगासाठी मोटरच्या मार्गात एक रेझिस्टर असतो. तो जळाला, की पहिला टप्पा नाहीसा होतो. काटा नेहमीपेक्षा वर जातो आणि मग एकदम मोठ्या घरघराटाने पंखा सुरू होतो. पंखा ‘चालतो आहे’ म्हणून याकडे दुर्लक्ष केले जाते.

रस्त्यात असताना

काटा चढताना दिसला आणि गॅरेज दूर असले, तर प्रथम एसी बंद करावा. त्यानंतर हीटरची कळ पूर्ण लाल खुणेकडे फिरवून ब्लोअर जोरात लावावा आणि काचा खाली घ्याव्यात. मे महिन्यात हा उपाय अघोरी वाटेल, पण हीटर म्हणजे गाडीच्या आत बसवलेला लहानसा रेडिएटरच आहे आणि त्याचा ब्लोअर बिघडलेला नसतो. मोकळ्या रस्त्यावर गाडी संथ पण सतत चालती ठेवावी. कोंडीत अडकल्यास इंजिन बंद करावे. पंखा बंद असलेल्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवल्याने उष्णता साचतच जाते.

काटा लाल पट्ट्यात गेला किंवा लाल दिवा लागला, की कडेला थांबण्याखेरीज दुसरा पर्याय नाही. ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ हा विचार महागात पडतो. इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत, वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडावे आणि कॅपला निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नये. दाबाखालचे कूलंट कॅप सैल होताच उसळून तोंडावर, हातांवर येते. गॅरेजवाल्यांच्या हातांवरचे जुने डाग बहुधा याच प्रसंगाचे असतात. गरम इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक. इंजिन निवल्यावर मात्र अडीअडचणीला पिण्याचे पाणी भरून गॅरेज गाठता येते.

एवढ्या सावधगिरीचे कारण सिलिंडर हेडमध्ये आहे. आजच्या मोटारींत ते अॅल्युमिनिअमचे असते. अॅल्युमिनिअम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. खाली लोखंडी ब्लॉक असेल, तर अती तापल्यावर दोघांचे जमत नाही. हेड वाकते आणि मधले गॅस्केट फुटते. मग कूलंट सिलिंडरमध्ये शिरून पांढरा धूर येतो, किंवा ऑइलमध्ये मिसळून ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय धरते. हेड उतरवणे, त्याचे फेसिंग करणे, नवे गॅस्केट, नवे ऑइल, नवे कूलंट आणि कारागिराची मजुरी, असा हजारोंचा खर्च समोर उभा राहतो. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर जुन्या गाडीच्या किमतीशी त्याची तुलना करावी लागते. सुरुवात अनेकदा चहाच्या कपाएवढ्या किमतीच्या फ्यूजपासून झालेली असते.

गॅरेजमधील दोन ‘रामबाण’ उपाय

पंखा ‘डायरेक्ट’ करून देणे ही आपल्याकडची जुनी रीत. सेन्सरला बगल देऊन किल्ली फिरवताच पंखा सुरू होईल, अशी जोडणी केली जाते. गावी पोहोचण्यापुरता हा तोडगा क्षम्य आहे. कायमचा ठेवला, तर मोटर अकारण झिजते, बॅटरीवर भार पडतो आणि घाईत ओढलेल्या त्या वायरला फ्यूज नसेल, तर आगीला आमंत्रण मिळते. दुसरी रीत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल अधिक जळते आणि झीज वाढते. दोन्ही उपायांत काटा खाली राहतो, म्हणून ग्राहक खूश असतो.

कूलंटऐवजी बोअरिंगचे पाणी भरणे हा तिसरा प्रकार. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि गंजरोधक द्रव्य नसल्याने धातू खाल्ला जातो. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट, क्षारविरहित पाण्यासह, ठरलेल्या मुदतीत बदलणे हाच मार्ग. तयार मिश्रण मिळते. तीव्र स्वरूपाचे घेतले असेल, तर सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळावे.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेण्याची घाई करू नये. नवी मोटर बसवली असेल, तर पंखा योग्य दिशेने फिरतो का, हे आधी पाहावे. तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा फिरतो, पण वारा उलट दिशेला फेकतो. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर वर्तमानपत्राचा तुकडा समोरच्या जाळीवर धरून पाहावा; तो जाळीला चिकटला पाहिजे. मग एसी बंद ठेवून इंजिन जागच्या जागी चालू द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत पंखा आपोआप सुरू व्हावा, काटा किंचित उतरल्यावर थांबावा आणि पुन्हा सुरू व्हावा. असे दोन-तीन फेरे पाहिल्यावर एसी लावून तीच तपासणी करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतील कूलंटची पातळी पुन्हा एकदा तपासावी. आत अडकलेली हवा रात्रीतून निघून गेली, तर ती थोडी उतरलेली असते आणि तेवढी भर घालावी लागते.